मुरुमांचे वण व डाग

मुरूम (तारुण्यपीटिका) बरे झाल्यानंतर त्वचेवर मागे राहणाऱ्या खुणांचे दोन प्रकार आहेत. त्वचेच्या केवळ रंगात झालेल्या बदलास डाग, तर तिच्या पोतात झालेल्या कायमच्या बदलास वण म्हणतात. बोलीभाषेत दोहोंनाही सरसकट डाग म्हटले जात असले, तरी त्यांची कारणे व उपचार वेगळे आहेत.

कारणे व प्रकार

मुरुमातील दाहामुळे रंगपेशी अधिक मेलॅनिन तयार करतात व त्या जागी तपकिरी किंवा काळसर डाग पडतो. सावळ्या त्वचेत हे प्रमाण अधिक असते. असे डाग बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. दाह खोलवर गेल्यास कोलॅजन नष्ट होऊन खड्डे पडतात. त्यांचे अरुंद व खोल, उभ्या कडांचे आणि लाटांसारखे उथळ असे तीन प्रकार मानले जातात. छाती, खांदे व जबड्यावर कधी उंचवट्याचे वण (केलॉइड) येतात.

डागांवरील उपचार

नवे मुरूम येत असताना डागांचा उपचार टिकत नाही. म्हणून प्रथम मुरूम आटोक्यात आणतात. त्यानंतर अ‍ॅझेलेइक आम्ल, ट्रेटिनॉइन किंवा मर्यादित काळासाठी हायड्रोक्विनोन देतात. गरोदरपणात ट्रेटिनॉइन टाळतात. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरल्यास त्वचेवर निळसर-काळी छटा (ओक्रोनोसिस) येऊ शकते. ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य पील काही आठवड्यांच्या अंतराने करतात. एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन हा सर्व उपचारांचा पाया आहे. लोह ऑक्साइडयुक्त रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवते.

वणांवरील उपचार

खड्डे मलमाने भरून येत नाहीत. अरुंद व खोल खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल नेमकेपणाने लावतात किंवा खड्डा कापून काढतात. लाटांसारख्या वणांखालील तंतू सुईने मोकळे करतात. या पद्धतीस सबसिझन म्हणतात. मायक्रोनीडलिंग व फ्रॅक्शनल लेझरमुळे नवे कोलॅजन तयार होण्यास चालना मिळते. केलॉइडमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. बहुतेक पद्धतींना अनेक बैठका लागतात. वण पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. ते कमी ठळक होतात.

सावळ्या त्वचेत लेझर किंवा पील अधिक तीव्रतेने केल्यास त्यातूनच नवे काळे डाग उद्भवतात. त्यामुळे तीव्रता कमी ठेवून बैठका वाढवणे सुरक्षित ठरते.

अनियंत्रित क्रीमचे धोके

स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांच्या मिश्रणाचे सूत्र १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अल्पकाळ व वैद्यकीय देखरेखीखाली वापरण्याचे औषध आहे. भारतात अशी क्रीम चिठ्ठीविना वापरली जाऊ लागल्याने त्वचा पातळ होणे, चेहरा लाल होणे, लव वाढणे व पुन्हा मुरूम येणे असे परिणाम दिसू लागले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडांवरील चिठ्ठीचे निर्बंध कडक केले.

पाऱ्यामुळे मेलॅनिनची निर्मिती रोखली जाते. मात्र तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडास इजा करतो. अकोला येथील एकाच कुटुंबातील तिघींना गोरेपणाच्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याचा छडा लावला; क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण अतिशय जास्त आढळले. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दशलक्ष भागांत एक भागाहून अधिक असू नये.

गोंदिया जिल्ह्यातील स्थिती

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धान-उत्पादक आहे. रोवणी व कापणीच्या दिवसांत मजुरांचा चेहरा तासन्‌तास उन्हात राहतो. त्यामुळे सनस्क्रीनसोबत दुपट्टा किंवा रुंद काठाची टोपी वापरणे आणि पील, लेझर यांसाठी शेतीकामाचा हंगाम टाळणे हितावह ठरते. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून केटीएस रुग्णालय त्यास संलग्न आहे. मोठी शासकीय केंद्रे सुमारे १३० किमीवरील नागपुरात आहेत. अनेक बैठकांच्या उपचारात प्रवास व बुडणारी मजुरी हाही खर्चाचा भाग असल्याने, खुणा डाग आहेत की वण, याचे निदान आधी करून घेणे महत्त्वाचे ठरते.