मिक्स्चरच्या बाटलीवरची कागदी पट्टी

१९६०-७० च्या सुमारापर्यंत तालुक्याच्या गावातील डॉक्टरांकडे जाताना रुग्ण घरून रिकामी बाटली नेत असे. कंपाउंडर तीत मिक्स्चर भरी, बूच लावी आणि कडेला खाचा कातरलेली कागदाची पट्टी खळीने बाटलीवर चिकटवी. एक खाच म्हणजे एक मात्रा. निरक्षर माणसालाही औषध किती घ्यायचे ते त्यावरून कळे.

ही पट्टी म्हणजे मोजमापाचे एक उपकरणच होते. पण ते अचूक केव्हा ठरेल? समान अंतरांवरच्या खाचांमध्ये समान घनफळ मावायचे, तर बाटलीचा आडवा छेद सर्वत्र सारखा हवा. म्हणून मिक्स्चरसाठी सरळ भिंतींची बाटली सोयीची. खांद्यापाशी बाटली निमुळती होते. तेथे मात्रा कमी भरते. तळ आत उचललेला असेल तर शेवटची मात्राही अपुरी पडते. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित बाटलीयंत्र १९०३ साली आले. त्यापूर्वीच्या बहुतेक बाटल्या फुंकून घडवलेल्या असत आणि त्यांच्या काचेची जाडी सर्वत्र सारखी नसे.

घनफळ समान असले तरी औषध समान मिळेलच असे नाही. काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्निन हे विष पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी १८१८ साली वेगळे केले. पुढे ते अत्यल्प प्रमाणात शक्तिवर्धक म्हणून दिले जाई. त्याच मिश्रणात पोटॅशियम ब्रोमाइड घातले, तर स्ट्रिक्निनचा कमी विद्राव्य क्षार तयार होऊन हळूहळू तळाशी बसतो. बाटली न हलवता औषध घेत गेल्यास सुरुवातीच्या मात्रांत विष नाममात्र, आणि शेवटच्या मात्रेत प्राणघातक! औषधे मिसळण्यातील विसंगतीचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘हलवून घ्यावे’ ही सूचना म्हणूनच जिवाच्या मोलाची असे.

पारदर्शक काचेतून असा साका निदान दिसे. परंतु सिल्व्हर नायट्रेटसारखी प्रकाशाने बिघडणारी द्रव्ये तपकिरी बाटलीतच ठेवावी लागत. लोह आणि गंधक यांच्यामुळे तपकिरी झालेली काच अतिनील व निळा प्रकाश शोषून घेते. कोबाल्टची निळी काच मात्र निळा प्रकाश आत जाऊ देते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. वेगवेगळ्या आकारांच्या तीन बाटल्यांवर समान खाचांची पट्टी चिकटवा, पाणी भरा आणि प्रत्येक ‘मात्रा’ मोजपात्राने मोजा. मग पाण्यात खडूची पूड मिसळून, थोडा वेळ तसेच ठेवून, पहिली व शेवटची मात्रा गाळून पाहा.