वीस हजार टाके

गेले दोन वीकेंड रिलीजने खाल्ले, त्यामुळे इथे काही लिहिणं जमलं नाही. आज मात्र बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय हातावेगळा करायचाच, असं ठरवून बसलोय. विषय आहे गोधडी. हो, तीच. माळ्यावरच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासासकट पडलेली.

मध्यंतरी एका प्रदर्शनात हाताने शिवलेली गोधडी विकायला ठेवलेली दिसली. किमतीची चिठ्ठी वाचली आणि गोधडी होती तशी घडी करून परत ठेवली :) पण प्रश्न मागे लागला. जुनी लुगडी, विटकी धोतरं, शिंप्याकडची कात्रणं, एक दाभण आणि दोरा... जिला सामानाचा खर्च जवळपास शून्य, तिला किंमत आली कधी? आणि त्याआधी ती कोणी केली का नाही?

तर मंडळी, पहिली गोष्ट अशी की गोधडीचा इतिहास शोधायला गेलं की समोर येतो तो तिच्या श्रीमंत बहिणींचा. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमध्ये सातगाव आणि हुगळीच्या परिसरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी रजया भरल्या जायच्या. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचं भरतकाम, त्यात शिकारी, गलबतं, बायबलमधले आणि ग्रीक पुराणांतले प्रसंग. पोर्तुगीज त्यांना ‘कोल्चा’ म्हणत. इंग्रजीतला ‘क्विल्ट’ हा शब्दही त्याच लॅटिन मुळातून आलाय. मुघलांनी १६३२मध्ये हुगळी जिंकलं आणि पोर्तुगिजांचं तिथलं बस्तान मोडलं, पण त्या रजया टिकल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि बॉस्टनच्या गार्डनर म्युझियममध्ये त्या आजही आहेत. टिकल्या, कारण त्या महाग होत्या. त्यांची जहाजावर नोंद झाली, वाड्यांच्या सामानाच्या याद्यांत नावं आली, आणि मुख्य म्हणजे रोज रात्री कोणी त्या पांघरल्या नाहीत.

आपल्या गोधडीचं नेमकं उलटं. ती पांघरली गेली, अंथरली गेली, बाळाच्या खाली दुपटं होऊन भिजली, आणि फाटली की दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेली. थर म्हणून. म्हणजे जुनी गोधडी शोधायची तर नवीन गोधडी उसवून बघावी लागेल! तीनशे वर्षांपूर्वीची साधी वाकळ कुठे बघायला मिळायची?

मग तिचा माग काढायचा कसा? शब्दांवरून. संस्कृतात ‘कंथा’ म्हणजे चिंध्यांचं पांघरूण. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातला योगी ती पांघरतो, आणि बंगालच्या ‘कांथा’चं नावही तिथूनच आलं असं मानतात. बौद्ध विनयपिटकात तर एक सुंदर हकीकत आहे. मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातशेतं बघून बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तसं चीवर करून दाखवलं. तुकड्यांचं असल्यामुळे ते चोरावं असं कोणाला वाटणार नाही, हाही त्यातला हिशेब. डिझाइन आणि सिक्युरिटी एकाच रिलीजमध्ये!

मराठीत यावं तर मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) गोधडी आणि वाकळ दोन्ही आहेत, चिंध्यांच्या पांघरुणाच्या अर्थाने. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जतला गोदड महाराजांचं मंदिर आहे. तिथे ती थेट संताच्या नावात जाऊन बसली आहे. बाकी प्रांतोप्रांती हिची भावंडं आहेतच: बिहारात सुजनी, सिंध-कच्छात रल्ली, कर्नाटकात कौदी. गंमत बघा, वैराग्याची खूण म्हणून गोधडीला पुराणापासून मान आहे. योगी पांघरतो, भिक्षू पांघरतो. पण ती शिवली कोणी, हे फारसं कोणी लिहीत नाही.

शिवणाऱ्यांपर्यंत पोचता येतं असं एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी जे निसटून घाटावरच्या जंगलात आले, त्यांचे वंशज त्यांच्यात आहेत. आजही त्यांच्यातले बरेच जण कोकणी बोलतात. त्यांच्या बायका शिवतात ती ‘कवंदी’. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, काठाकाठाने फिरत टाके आत आत न्यायचे आणि मध्यावर संपवायचं. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांचे छोटे त्रिकोण, त्यांना म्हणतात ‘फुलं’. फुलांवाचून कवंदी उघडीवाघडी दिसते, असं त्या म्हणतात. त्या त्रिकोणांनी ऊब वाढत नाही. पांघरायला आणखी एक थर मिळत नाही. तरी ते हवेतच. गरिबीतून आलेल्या वस्तूत फक्त काटकसर असते, या समजाला त्या चार त्रिकोणांनी टाचणी लावली आहे.

आता मशीनचं बघू. एलियास हाऊने १८४६मध्ये पेटंट घेतलं ते टोकाला भोक असलेल्या सुईचं आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याचं. १८५१मध्ये सिंगरचं मशीन आलं. १८८८मध्ये मुंबईचे एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ सिंगरचे एजंट झाले. यंत्रविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधीजींनी १९२४मधल्या एका संभाषणात शिवणयंत्राला खास अपवाद केलं, कारण त्याच्या मुळाशी बायकोचे कष्ट वाचवायची इच्छा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. १९३०च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ मशीन सुरू झालं आणि पुढे मध्यमवर्गीय घराघरात पोचलं.

पण कष्ट वाचले ते ब्लाउज, परकर आणि शर्टांचे. गोधडी बहुतेक ठिकाणी हातावरच राहिली. कारण सरळ आहे. पाच-सात थर घरगुती मशीनच्या पायाखाली धड सरकत नाहीत, आणि सहा फुटांचा तो गोळा मशीनच्या हाताखालून ओढत फिरवायचा म्हणजे शिक्षाच. हाताने शिवताना गोधडी जमिनीवर पसरलेली राहते आणि माणूस तिच्यावर बसून सरकत जातो. उलट मशीनमुळे शिंप्याकडे कात्रणं वाढली, गिरण्यांमुळे स्वस्त सुती कापड वाढलं, म्हणजे गोधडीचा कच्चा मालच वाढला. तिला खरा दणका बसला तो सिंथेटिक साड्यांनी. नायलॉन-पॉलिएस्टर जुनं झालं तरी सुतासारखं मऊ पडत नाही, घाम टिपत नाही, आणि थर एकमेकांवरून घसरतात. चांगल्या गोधडीला जुनं सूत लागतं.

आईला विचारलं, आजीला एक गोधडी शिवायला किती वेळ लागायचा? ती म्हणाली, “मोजतंय कोण? दुपारची भांडी झाली की बसायच्या सगळ्या.”

मोजतंय कोण, हे ऐकल्यावर आमच्यातला इंजिनियर गप्प कसा बसणार? सहा फूट बाय चार फुटांची गोधडी धरू. धावदोऱ्याच्या ओळींमध्ये अर्ध्या इंचाचं अंतर. म्हणजे ९६ ओळी, प्रत्येकी सहा फूट. एकूण ५७६ फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर २०,७३६ टाके. एका टाक्याला तीन सेकंद म्हटलं तरी सतरा तासांच्या वर जातं, आणि यात कपडे धुणं, फाडणं, थर लावणं, टाचून घेणं, सुईत दोरा ओवणं काहीच धरलेलं नाही. घरात चार माणसं असतील तर चार गोधड्या. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या घरच्या गोधडीवर पट्टी ठेवून दुरुस्त करून घ्या. पण ‘जवळपास शून्य खर्च’ या माझ्याच वरच्या वाक्यात किती तास गडप झालेत, ते दिसतंय ना?

हे तास मोजायला लागले की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांच्या वंशजांचं. तिथल्या बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या थंडीसाठी शिवत. १९६६मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली आणि शिवणाचे पैसे मिळू लागले. २००२मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये प्रदर्शन भरलं, २००६मध्ये टपाल तिकिटं निघाली. आणि २००७मध्ये गोधडीकार बायकांपैकी काही जणींनी हक्कांवरून आणि पैशांवरून कोर्टात दावे लावले, जे पुढे तडजोडीने मिटले. मला यातली सगळ्यात महत्त्वाची घटना भिंतीवर टांगलेली गोधडी वाटत नाही, तो दावा वाटतो. ‘मोजतंय कोण’ याला कोणीतरी ‘मी मोजतेय’ असं उत्तर दिलं.

आपल्याकडे महिला बचतगट गोधड्या शिवतात, शहरात त्या विकल्याही जातात. घ्यायला गेलात तर घासाघीस करण्याआधी मनातल्या मनात ओळी मोजा. आणि शिवणारीला त्यातले किती मिळतात, हे विचारायला लाजू नका.

जाता जाता, आपण रोज ज्याला ‘पॅच’ म्हणतो, ते मुळात खरंखुरं ठिगळ होतं. जुन्या कॉम्प्युटरच्या कागदी टेपवर चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवत. आमच्या ठिगळांना मात्र व्हर्जन नंबर असतो, तारीख असते, करणाऱ्याचं नाव असतं. घरात एखादी जुनी गोधडी असेल आणि ती कोणी शिवली हे सांगणारं माणूस अजून असेल, तर मागच्या बाजूला कापडाची एक पट्टी शिवा, त्यावर नाव आणि साल घाला. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मी टाके घालायला बसलोय. ओळ वाकडी जातेय, पण नाव वाचता येतंय.