लेझर प्रिंटरवर घरच्या घरी पीसीबी

लेझर प्रिंटरच्या आतल्या रचनेत फेरफार करून त्यात कागदाऐवजी तांब्याचा थर चढवलेला बोर्ड सरकवायचा, सर्किटचे ट्रॅक टोनरने थेट तांब्यावर छापून घ्यायचे आणि उघडे राहिलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवायचे, अशी पीसीबी (प्रिंटेड सर्किट बोर्ड) बनवण्याची एक हौशी पद्धत आहे. एकदोनच बोर्ड हवे असतात किंवा सकाळी आखलेले सर्किट संध्याकाळी चालवून पाहायचे असते, तेव्हा ती उपयोगी पडते.

नको असलेले तांबे काढून टाकून जोडण्या उरवण्याची कल्पना व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आइस्लर यांनी १९३० आणि ४०च्या दशकांत लंडनमध्ये रुजवली. छपाईच्या बाजूला, चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात स्थिरविद्युत वापरून पहिली कोरडी प्रत काढली. पुढे झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी त्या तंत्राला लेझरची जोड दिली. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट बाजारात आला आणि लेझर प्रिंटर टेबलावर ठेवण्याजोगा झाला. या दोन धाग्यांची गाठ टोनरमुळे पडते. टोनर म्हणजे काजळी किंवा लोहाचे ऑक्साइड मिसळलेल्या प्लॅस्टिकची बारीक पूड, आणि प्लॅस्टिकवर फेरिक क्लोराइडचा परिणाम होत नाही. टोनर जिथे घट्ट बसला तिथले तांबे वाचते.

या गुणाचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे टोनर ट्रान्सफर. गुळगुळीत कागदावर आकृती छापायची, कागद तांब्यावर उपडा ठेवून वरून कडक इस्त्री फिरवायची, मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉपर क्लॅड बोर्ड आणि फेरिक क्लोराइड आणून प्रोजेक्टसाठी असे बोर्ड करणे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना सवयीचे आहे. पद्धत स्वस्त आहे, पण हाताच्या दाबावर अवलंबून आहे. इस्त्री एका बाजूला जास्त दाबली तर ट्रॅक पसरून एकमेकांना चिकटतात, कमी दाबली तर तुटतात, कागद जरासा सरकला तर अख्खी आकृती वाकडी होते. थेट छपाईत कागद आणि इस्त्री दोन्ही गळतात, आणि प्रिंटरमध्ये फेरफार करण्याची खटपट त्यासाठीच केली जाते.

पहिली अडचण वाटेची. बहुतेक प्रिंटरमध्ये कागद खालच्या ट्रेमधून निघून वळसा घेत वर येतो. नेहमीचा १.६ मिलिमीटर जाडीचा फायबरग्लास बोर्ड तसा वाकत नाही. म्हणून पुढून आत आणि मागून बाहेर अशी सरळ वाट काढावी लागते, आणि रोलरांमधली फट वाढवावी लागते किंवा पातळ बोर्ड घ्यावा लागतो. लेक्समार्क ई२६० हा अशा फेरफारासाठी हौशी मंडळींनी वापरलेला एक प्रिंटर.

खरी मेहनत प्रिंटरची समजूत घालण्यात जाते. कागद कुठवर आला हे तो सेन्सरांवरून ओळखतो. बऱ्याच प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकचा छोटा दांडा कागदाने ढकलला जातो, एका प्रकाशझोताच्या आड येतो किंवा त्यातून बाजूला होतो, आणि कंट्रोलर वेळ मोजू लागतो. ठरलेल्या क्षणी पुढचा सेन्सर हलला नाही की ‘पेपर जॅम’. टोनर वितळवणारा फ्यूजर वाटेतून काढला की त्याच्या जवळचा बाहेर पडण्याचा सेन्सरही जागेवरून जातो. मग एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून, बोर्ड आत शिरल्याची खूण मिळताच योग्य विलंबाने खोटा संकेत पाठवावा लागतो. फ्यूजर पुरेसा तापल्याची खात्री पटल्याखेरीज प्रिंटर छापायला तयार होत नाही. त्यामुळे काहीजण तो वाटेबाहेर ठेवून तारांनी जोडलेलाच ठेवतात.

यानंतर तांब्याचा स्वभाव आडवा येतो. प्रिंटरमधल्या प्रकाशसंवेदी ड्रमवर सुमारे उणे ६०० व्होल्टचा प्रभार असतो. लेझर पडलेल्या जागी तो उतरतो आणि ऋण प्रभाराचा टोनर तिथे चिकटतो. कागदाच्या पाठीमागचा ट्रान्सफर रोलर धन प्रभाराने तो कागदावर ओढून घेतो. कागद विद्युतरोधक असल्याने हे जमते. तांबे प्रिंटरच्या अर्थिंग केलेल्या एखाद्या धातूच्या भागाला टेकले, तर प्रभार निसटतो आणि छपाई फिकी पडते किंवा मधेच कोरी राहते. तांबे सांगाड्यापासून अलग ठेवणे आणि त्याच्यापर्यंत योग्य विद्युतदाब पोचवणे, यावर छपाईची प्रत ठरते. बोर्ड कापताना कडेला राहिलेली बुरही कानशीने घासून काढावी लागते. तिचा एकच ओरखडा ड्रमवरचा प्रकाशसंवेदी थर कायमचा खराब करतो.

छापून बाहेर आलेला टोनर नुसता बसलेला असतो, बोट लागले तरी पुसला जातो. तांबे उष्णता झटकन पसरवते, म्हणून फ्यूजर वाटेत ठेवला तरी त्यातून एकदा गेल्याने टोनर नीट वितळत नाही. बोर्ड ओव्हनमध्ये तापवतात किंवा बंद डब्यात अ‍ॅसिटोनच्या वाफेवर धरतात. वाफेने टोनरचे कण मऊ होऊन एकजीव होतात, त्यांच्यामधली बारीक छिद्रे बुजतात. अ‍ॅसिटोन पेट घेणारे असल्याने हे काम आगीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

आकृतीच्या दिशेबाबत पुष्कळांची गफलत होते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये खालचा थर वरून, बोर्डाच्या आरपार पाहिल्यासारखा दिसतो. टोनर ट्रान्सफरमध्ये कागद उपडा पडत असल्याने तो तसाच छापायचा. थेट छपाईत मात्र तोच थर आरशात उलटवून छापावा लागतो.

प्रिंटर उघडा चालवणे धोक्याचे आहे. आतला लेझर अवरक्त असल्याने डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, तरी दृष्टीला इजा करू शकतो. फ्यूजरच्या तारांत घरातल्या विजेचा दाब असतो. झाकणाचा सुरक्षा-स्विच निकामी केला असेल तर लेझरची वाट अपारदर्शक आवरणाने झाकलेलीच हवी.

एचिंग, म्हणजे उघडे तांबे विरघळवणे, फेरिक क्लोराइडच्या कोमट द्रावणात, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, ट्रे हलवत करतात. ३५ मायक्रॉन जाडीचे तांबे सामान्यतः १० ते २० मिनिटांत निघते. त्यानंतर सोल्डरिंगआधी टोनर अ‍ॅसिटोनने पुसून टाकतात. वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे जलचरांना घातक असते, म्हणून ते मोरीत ओतू नये. धुण्याचा सोडा थोडाथोडा, फेस येईल त्या बेताने टाकला की लोह आणि तांब्याचा गाळ खाली बसतो. तो वाळवून घातक कचऱ्यात द्यावा.