ज्वारीवरचा टॅनिनचा आळ

‘ज्वारीत टॅनिन असते, टॅनिनने पचन बिघडते, म्हणून ब्रॉयलरला ज्वारी नको.’ कोंबडीखाद्याच्या व्यवहारात हे विधान इतके रुळले आहे की ते तपासायची गरज कुणाला वाटत नाही. इथेनॉलमुळे मक्याला मागणी वाढली, तरी ज्वारीचे नाव काढताच हेच उत्तर मिळते. या विधानातला मधला भाग बराचसा खरा आहे. पहिला आपल्या ज्वारीपुरता खोटा आहे, म्हणून निष्कर्षही उभा राहत नाही.

पूर्वपक्षाचे बळ नाकारण्यात अर्थ नाही. संघनित टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवते. त्यात सोयापेंडीतली प्रथिने अडकतात आणि ट्रिप्सिनसारखी पक्ष्याची स्वतःची पाचकद्रव्येही गुंततात. अमिनो आम्ले शोषली न जाता विष्ठेवाटे निघून जातात. पिल्लू पोटभर खाते, पण वजन भरत नाही. चँग आणि फुलर यांनी 1964 मध्येच जास्त टॅनिनच्या ज्वारीने पिल्लांची वाढ मंदावते हे मांडले होते. प्रश्न असा की ती ज्वारी कोणती?

ते टॅनिन दाण्याच्या सालीखाली असलेल्या एका रंगीत थरात असते. हा थर काही वाणांत असतो, काहींत मुळीच नसतो. आफ्रिकेत आणि अमेरिकेत पाखरांनी कणसाला तोंड लावू नये म्हणून तुरट दाण्याचे वाण मुद्दाम लावले गेले, आणि ज्वारीची बदनामी मुख्यतः त्यांच्यावरच्या प्रयोगांतून आली. महाराष्ट्राने वेगळा मार्ग धरला. इथे पाखरांसाठी माळा बांधला, गोफण फिरवली, आणि दाणा मात्र भाकरीला गोड लागेल असाच निवडला. मालदांडीसारख्या रब्बी ज्वारीत तो थर नसतो. भाकरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेल्या धान्यावर तुरटपणाचा आळ घेणे मला अन्यायाचे वाटते.

रंगावरून निवाडा करणेही चूक आहे. लाल दाणा टॅनिनमुक्त असू शकतो आणि जाड सालीच्या पांढऱ्या दाण्याखाली तो थर दडलेला असू शकतो. ब्लीच आणि कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात दाणे भिजवले की टॅनिनचे दाणे काळे पडतात, बाकीचे फिकटच राहतात. एवढी सोपी परीक्षा हाताशी असताना अंदाजावर चालायचे कारण काय? खरिपात कापणीला पाऊस लागून काळवंडलेली ज्वारी ही निराळी गोष्ट. तिचा दोष बुरशीचा आणि बुरशीच्या विषाचा. तो भिजलेल्या मक्यातही असतो. ती ज्वारी पिल्लांना घालू नयेच, पण तिचे पाप टॅनिनच्या माथी मारू नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1994 च्या तक्त्यात कोंबडीसाठी मक्याची ऊर्जा किलोला 3350 किलोकॅलरी आहे आणि ज्वारीची 3288. हा फरक दोन टक्क्यांहूनही कमी आहे. ज्वारीत खऱ्या उणिवा आहेत: काफिरिन नावाचे तिचे प्रथिन सावकाश पचते, आणि मक्यातला पिवळा रंग तिच्यात नाही. पहिलीसाठी दळणे, पेलेट आणि अमिनो आम्लांचा हिशेब नीट बसवावा लागतो. ऑस्ट्रेलियात ज्वारीवर ब्रॉयलर वाढवताना हेच करतात. दुसरीची चिंता मुंबईच्या उपनगरांसाठी तरी फोल आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ब्रॉयलर बहुधा कातडी सोलूनच विकला जातो. कातडीचा पिवळेपणा गिऱ्हाईक पाहणार कुठे?

आणि टॅनिन म्हणजे सरसकट विष, हेही खरे नाही. चेस्टनटच्या लाकडातले जलविघटनशील टॅनिन खाद्यात अगदी थोड्या प्रमाणात घालून वाढ आणि आतड्याचे आरोग्य सुधारते का, याचे प्रयोग झाले आहेत आणि काहींचे निष्कर्ष अनुकूल आहेत. मात्रा वाढली की नुकसान सुरू होते. भारताने 2019 मध्ये पशुखाद्यातून कोलिस्टिन हे प्रतिजैविक हद्दपार केल्यावर अशा पर्यायांची गरज वाढली आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा अशाच जलविघटनशील टॅनिनने भरलेला आहे. गोरेगावच्या आरेमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे आवार आहे आणि केंद्र सरकारचे कुक्कुट केंद्रही. टॅनिनमुक्त मालदांडीचा एक गट, मक्याचा एक आणि हिरड्याच्या मोजक्या मात्रेचा एक, असे तीन गट सहा आठवडे शेजारी-शेजारी वाढवून त्यांचे वजन आणि खाद्याचा खर्च जाहीर करणे तिथे सहज शक्य आहे.