नागोरच्या वाळूत

दिल्लीत, मुनिरक्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला मराठ्यांच्या इतिहासासाठी फार दूर जावे लागत नाही. शहराच्या उत्तरेला बुराडी आहे. तेथे यमुनाकाठी १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडला. परंतु त्याच्या वडील बंधूचा, जयाप्पाचा, अंत जेथे झाला ते नागोर पाहावयाचे, तर मारवाडच्या वाळवंटाकडे रात्रभर आगगाडीने जावे लागते. गेल्या हिवाळ्यात चार दिवसांची रजा काढून मी गेलो.

पहाटे खिडकीतून वाळू दिसू लागते. मधूनच खेजडीचे एखादे झाड, आणि मग अहिछत्रगडाचा भक्कम तट. नागोर हे तळ्यांवर जगलेले गाव. १५७० साली अकबर येथे आला, तेव्हा त्याने गाळाने भरलेले एक तळे साफ करवून घेतले. किल्ल्याच्या आतही हौद आणि कारंजी आहेत. (आम्हां सरकारी नोकरांना गाव ठाऊक असते ते निराळ्याच कारणाने: २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पंचायत राज्याचे उद्‌घाटन येथेच केले.)

जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह आणि त्याचा चुलतभाऊ विजयसिंह, आपल्या कागदांतला बिजेसिंग, यांचे भांडण जुंपले होते. रामसिंहाने शिंद्यांची मदत मागितली. सप्टेंबर १७५४ मध्ये मेडत्याजवळ विजयसिंह हरला आणि नागोरच्या तटाआड शिरला. जयाप्पाने वेढा घालून गावाबाहेर ताऊसर येथे छावणी केली. मैदानात जिंकलेली फौज तटापुढे दहा महिने बसून राहिली. आत हौद होते. बाहेर हजारो घोडी आणि वैशाखातली वाळू.

जुलै १७५५ मध्ये मारेकऱ्यांनी जयाप्पाला छावणीतच गाठून ठार केले. संतापलेल्या मराठ्यांनी हाती सापडलेले रजपूत कापले. त्यांत मेवाडकडून मध्यस्थीला आलेला सलूंबरचा रावत जैतसिंह हकनाक मेला. दत्ताजीने वेढा उठविला नाही. पुढील वर्षी तह झाला, पन्नास लक्ष रुपये ठरले आणि अजमेर मिळाले. ते अजमेर म्हणजे मुंडकटी, अर्थात कापलेल्या शिराची भरपाई.

ताऊसरला जयाप्पाची छत्री आहे. तिच्यापुढे मी हात जोडले. त्याच्या शौर्याविषयी मला शंका नाही. पण परक्यांच्या भाऊबंदकीत दीड वर्ष आणि असा सेनापती खर्ची घालावा, हा हिशेब मला आजही पटत नाही. पानिपतावर एकही मोठा रजपूत राजा आपल्या बाजूने उभा राहिला नाही, आणि त्या संहारात जयाप्पाचा मुलगा जनकोजीही गेला. रजपुतांच्या दग्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. जैतसिंहाच्या घरी त्या वर्षी काय बोलले गेले असेल, याचा विचार मी तेथे उभा राहून प्रथमच केला.

जवळच बसलेल्या एका वृद्धाने मडक्यातले पाणी पुढे केले आणि कोठून आलात म्हणून विचारले. मी दिल्ली म्हणालो. मूळचा पुण्याकडचा, हे ओठांवर येऊनही सांगवले नाही.