पांढऱ्या बुरशीचा धडा

किडींवर बुरशी सोडून पीक वाचवायचे, ही कल्पना नवी वाटते. प्रत्यक्षात तिचा इतिहास दीडशे वर्षांच्या आसपास जातो. गंमत म्हणजे त्याची सुरुवात एका उपयोगी किड्याला वाचवण्याच्या धडपडीतून झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत रेशमाचे किडे एका रोगाने मरत. मेलेल्या किड्यांवर चुन्यासारखी पांढरी पूड दिसे. लोदीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८३५ साली जाहीर केले, की हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो व एका किड्याकडून दुसऱ्याला लागतो. या बुरशीला आज 'ब्यूव्हेरिया बॅसियाना' म्हणतात.

बुरशीचा बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतो आणि तिथेच रुजतो. त्याचा कोंब विकरांच्या मदतीने कवच भेदून आत शिरतो. काही दिवसांत किडा मरतो. हवा दमट असेल तर बुरशीचे तंतू बाहेर येऊन नवे बीजाणू तयार होतात. किड्याने बुरशी खाण्याची गरज नसते. ओलावा मात्र लागतो.

जी बुरशी रेशमाचा किडा मारते, तसलीच एखादी पिकाचा शत्रू का मारणार नाही? १८७९ साली मेचनिकॉफ यांनी ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर एक हिरवी बुरशी वापरून पाहिली. आजची 'मेटारायझियम' ती हीच. १८८४ मध्ये क्रासिलश्चिक यांनी युक्रेनमधील स्मेला येथे तिचे बीजाणू मोठ्या प्रमाणावर तयार केले, बीटवरील सोंडकिड्यांसाठी.

यानंतरची गोष्ट अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली. तिथे 'चिंच बग' नावाचा, रस शोषणारा ढेकूण गहू-मक्याचा फडशा पाडी. (नावातल्या चिंचेचा आपल्या चिंचेशी संबंध नाही!) १८८८ पासून विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्सिस स्नो पांढऱ्या बुरशीने मेलेले ढेकूण शेतकऱ्यांना पाठवू लागले. शेतकरी त्यांच्यासोबत जिवंत ढेकूण पेटीत ठेवत आणि नंतर शेतात सोडत. ढेकूण मेले, अशी पत्रे येऊ लागली. योजना यशस्वी ठरली!

पण बुरशी न सोडलेल्या शेतांत काय झाले? बिलिंग्ज आणि ग्लेन यांनी कॅन्ससमध्ये याचा कसून तपास केला. १९११ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: ही बुरशी शेतांमध्ये मुळातच सर्वत्र होती. हवा दमट झाली की ढेकूण मरत, कोरडी राहिली की वाचत. माणसाने घातलेल्या भरीने जाणवण्याजोगा फरक पडत नव्हता. पत्रे लिहिणारे शेतकरी खोटे बोलत नव्हते. तुलना करायला त्यांच्याजवळ काही नव्हते, इतकेच.

म्हणून बुरशी निरुपयोगी ठरते का? नाही. आज महाराष्ट्रात उसाच्या हुमणीसाठी मेटारायझियम वापरतात. हुमणीच्या अळ्या जमिनीत राहतात. तिथे ओल असते आणि बीजाणूंना ऊन लागत नाही. किडीचे ठिकाण, ओलावा आणि बीजाणूंची मात्रा जमली तर बुरशी काम करते.

शाळेच्या बागेत असा प्रयोग करायचा असेल, तर एक वाफा मुद्दाम तसाच ठेवा. दोन्ही वाफ्यांतल्या किडी मुलांना रोज मोजू द्या, आणि पाऊस कधी पडला तेही वहीत लिहायला सांगा.