टिपणे व साधनसंकलन, संशोधनातील
मूळ साधनांतील मजकूर, त्याचे स्थळ व संदर्भ नोंदवून तो पुन्हा सापडेल अशा क्रमाने लावण्याची पद्धती.

उगम : मराठी इतिहाससंशोधनात या पद्धतीचा पाया प्रामुख्याने वि. का. राजवाडे यांच्या दप्तरशोधाने घातला गेला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला; मालेचे एकूण 22 खंड झाले. 1926 मध्ये राजवाडे धुळे येथे निवर्तले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले (पहा : राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ, धुळे शहर).

वैशिष्ट्ये : एका चिठ्ठीवर एकच मुद्दा घेतात. तीत दप्तराचे नाव, रुमाल (कापडात बांधलेला कागदपत्रांचा गठ्ठा) व पत्राचा क्रमांक, मिती आणि नक्कल केल्याची तारीख असते. मोडी मजकुराचे बाळबोध लिप्यंतर मूळ शब्दांत ठेवून अर्थ व शंका वेगळ्या लिहितात. शक किंवा सुहूर सनातील मितीपुढे इसवी तारीख देतात (पहा : कालगणना, मोडी लिपी). चिठ्ठ्या स्थल, व्यक्ती, काल व विषय यांनुसार लावतात. धुळे जिल्ह्यातील सोनगीरविषयीची टिपणे, उदा., किल्ला, मुंबई-आग्रा मार्ग आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय अशा शीर्षकांखाली विभागता येतात. एकाहून अधिक विषयांच्या टिपणास परस्परसंदर्भ जोडतात (पहा : सोनगीर).

महत्त्व : या पद्धतीमुळे विधानाची मूळ साधनाशी पडताळणी करता येते आणि अपुरे कार्य इतरांना पुढे नेता येते. राजवाड्यांचा धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हे त्यांच्या संकलित सामग्रीवरून मरणोत्तर प्रसिद्ध झाले (पहा : कोशवाङ्मय).